अक्काचा कागदी खाका

मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी गेले आणि फोन वाजला. हट्ट्याजवळ मी शिकवते त्या शाळेत रेंज फक्त त्या टाकीपाशीच मिळते. पलीकडे भावजी होते, अक्काचे यजमान. "सुमन गेली," एवढंच म्हणाले. साधी कावीळ म्हणून चार दिवसांपूर्वी अक्काला हिंगोलीला नेलं होतं. मी म्हटलं होतं, रविवारी येते. रविवार अजून यायचा होता… आम्हा दोघी बहिणींमध्ये येते, आणते, बघते हे सगळे शब्द माझे असायचे. तिचं तोवर करून झालेलं असायचं. टाकीला टेकून मी उभी राहिले तेव्हा मला रडूसुद्धा आलं नाही, स्वतःचा संताप आला. तो अजून उतरलेला नाही. महिना झाला, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं घर साखऱ्याच्या पुढे, मेंढ्यांच्या वाड्याला लागून. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीचे होतो. दिवाळीनंतर आबा, आमचे वडील, मेंढरं घेऊन चारणीला जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. मधल्या काळात आम्ही बहिणी किती वाढलो, हे त्यांना एकदम दिसायचं आणि ते दचकायचे. अक्का सातवी पास झाली त्या वर्षी ते असेच दचकले. "पोरीचे गुडघे दिसून राहिले," म्हणाले, आणि तिची शाळा बंद झाली. शाळेत गणवेशाचा स्कर्टच लागायचा, परकर चालत नव्हता. आबांना परकराखेरीज काही चालत नव्हतं. दोघांच्या मध्ये अक्का सापडली. तिनं तो निळा स्कर्ट धुतला, घडी केली आणि पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवला. "लागंल कधी," म्हणाली. माय आबांपुढं बोलत नसे. मी दुसरी-तिसरीत होते, मला कशाचंच काही वाटलं नाही.

पुढे गावात शिवणवर्ग आला. अक्का तिथे हातमशीन शिकली, आणि वर्गाच्या बाईंनी जाताना तिला शाळेच्या स्कर्टचा कागदी खाका दिला. सहा कळ्यांचा स्कर्ट होता तो. खाका एकाच कळीचा, कमरेपाशी अरुंद, खाली रुंद होत गेलेला. तो कापडावर सहादा ठेवायचा, खडूनं रेघ मारायची, कापायचं. त्या खाक्याची लांबी गुडघ्यापर्यंतच होती.

मी सातवी पास झाले. आबा चारणीहून आले, मला बघितलं आणि पुन्हा दचकले. पण या वेळी अक्का मध्ये पडली. "लांब स्कर्ट शिवून देते, आबा. साळंचंबी राहील, तुमचंबी राहील." आबांनी मला भिंतीशी उभं केलं, हातातली काठी माझ्या पायाला लावली आणि घोट्याच्या चार बोटं वर चाकूनं खाच पाडली. "हितपस्तोर आला तर जाईल. न्हाई तर मेंढ्यांमागं." मेंढीची उंची बघावी तसं त्यांनी मला मापलं होतं. त्यांना ते वावगं वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मला फक्त शाळा हवी होती.

कापड नेहमीच्या मापाचंच आणलेलं होतं. अक्कानं ते पुरवून पुरवून वापरलं. कळीची लांबी खाचेपर्यंत नेली, पण खालची रुंदी होती तेवढीच ठेवली. स्कर्ट खाचेला बरोबर टेकला. आबांनी काठी लावून बघितलं, मान हलवली. मी शाळेला निघाले. वाटेत नाला होता, दगडांवरून पाय टाकत जावं लागे. दुसऱ्याच दगडावर पाऊल पुढे जाईना. स्कर्ट घोट्यापर्यंतचा आणि घेर गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टाएवढाच, पाय बांधल्यासारखे झाले. मी नाल्यात पडले. स्कर्ट एका बाजूनं टर्रकन मांडीपर्यंत फाटला. दोन्ही हातांनी तो आवळून धरत चावडीपुढून घरी आले. काठच्या बायांनी काय बघायचं ते बघितलं होतं.

आबा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "झालं," म्हणाले. "परवा मेंढरं माळावर न्यायची हायेत. ही येईल." मी आत जाऊन पेटीवर तोंड दाबून रडले. आता कोणी काही करू शकत नाही, हे मला त्या वयातही स्पष्ट कळत होतं. अक्का बाहेर आबांच्या पाया पडत होती. "चूक माझी हाय, आबा. लांबी वाढवली, घेर वाढवला न्हाई. तिला काहून शिक्षा? उद्याचा दिवस द्या." तिचा आवाज इतका केविलवाणा मी आधी कधी ऐकला नव्हता. स्वतःची शाळा बंद झाली तेव्हासुद्धा ती अशी बोलली नव्हती.

आबांनी तो एक दिवस दिला. अक्कानं खाक्याला खाली नवा पांढरा कागद खळीनं चिकटवला. पट्टी लावून कळीच्या दोन्ही तिरक्या रेघा तशाच पुढे नेल्या, म्हणजे लांबीबरोबर घेरही सुटत गेला. पण त्याला कापड कुठून आणायचं? तिनं मला पेटीवरून उठवलं, तळाचा स्वतःचा निळा स्कर्ट काढला आणि माझ्यासमोर त्याला कातर लावली. "अक्का, तुझा हाय ना?" "मला आता कुठं होऊन राहिला," ती म्हणाली. माझा फाटलेला स्कर्ट गुडघ्याशी कापून त्याला खालून गडद निळा, घेरदार पट्टा जोडला गेला. आबांनी पुन्हा काठी लावली. शाळेत बाईंनी त्या दोन रंगांकडे बराच वेळ बघितलं आणि मला वर्गात जाऊ दिलं. नाला मी ढांगा टाकत ओलांडला होता.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, तिच्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. त्याच्या आदल्याच आठवड्यात अक्कानं माझ्याकडून शाळेतून सतरा नंबरचा फॉर्म मागवला होता. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता येतं, तो फॉर्म. मी आणून दिला तेव्हा तिनं तो दोनदा कपाळाला लावला. नंतर मी विचारलं, भरला का? "उंदरानं खाल्ला गं," म्हणाली. "दुसरा आणते," मी म्हटलं. त्या वर्षी विसरले. पुढच्या वर्षीही विसरले. मग माझी दहावी, मग हिंगोलीला डी.एड., मग नोकरी. तिचं लग्न नरसीकडे झालं, तिथेही ती वाडीवाडीच्या पोरींचे लांब स्कर्ट शिवत राहिली. भेटले की दर वेळी म्हणायचे, अक्का, या वर्षी नक्की आणते. ती हसायची. एकदाही आठवण करून दिली नाही तिनं… एकदा तरी करून द्यायची होती!

दिवस झाल्यावर भावजींनी मशीनच्या वरच्या खिळ्यावरून तो खाका काढून माझ्या हातात दिला. "तुमीच ठेवा. मला यातलं काय कळतंय." त्यावर अनेक पोरींची नावं होती, प्रत्येकीच्या मापाची पेन्सिलची रेघ होती. वरून तिसरं नाव माझं होतं. अक्काची लेक पल्लवी आता आठवीत गेली आहे. तिलाही स्कर्ट आखूड झाला, म्हणून मी तिला सुट्टीत माझ्याकडे आणलं, कापड पसरलं आणि खाका ठेवला. खालच्या कागदाची खळ सुकून एक कोपरा सुटला होता. तो बसवायला मी खाका उलटा केला. मागच्या बाजूला छापील ओळी होत्या. उमेदवाराचं पूर्ण नाव, आणि पुढे अक्काचं वळणदार अक्षर. वडिलांचं नाव. गाव. शेवटच्या शाळेच्या चौकटीतून कातर फिरून गेली होती. तळाशी उमेदवाराची सही तेवढी राहिली होती.

आमच्या घरात वहीचं पान मिळायची मारामार. माझा स्कर्ट लांब करायला तेवढा एकच मोठा, एका बाजूनं कोरा कागद घरात होता, आणि तो कुठून आला हे मी तेव्हा विचारलं नाही. त्यानंतर इतकी वर्षं तो तिच्या डोळ्यांसमोर खिळ्यावर लटकत होता आणि मी तिला दुसरा आणते म्हणत होते.

पल्लवी माझ्या खांद्यावरून वाचत होती. "मावशी, हे तर आईचं नाव हाय. आई दहावीला बसली व्हती?"

"न्हाई," मी म्हटलं. "तिच्या जागी मी बसले."

पल्लवीनं खाका माझ्या हातातून घेतला, सुलटा केला, कापडावर सरळ ठेवला आणि तिची आई धरायची तसा दोन्ही हातांनी दाबून धरला. मी खडू घेतला.