मुकादमांना शांतता ऐकू यायची

काचेच्या केबिनचं दार घट्ट लावलेलं असलं, तरी बाहेर कीबोर्डची खडखड थांबली की अर्ध्या मिनिटात मुकादम दारात हजर. "काय झालं? काम का थांबलं?"

मुकादम हे आम्ही ठेवलेलं नाव. ऐंशीच्या दशकात सातपूरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि वीस वर्षं लेथ सांभाळलेल्या या गृहस्थांना त्या खात्याचे साहेब केलं. लेथ फिरतोय म्हणजे काम चाललंय, तसंच बोटं फिरतायत म्हणजे प्रोग्रॅम होतोय, इतकं त्यांचं शास्त्र सोपं. दर शनिवारी ते प्रत्येकाने लिहिलेल्या ओळी मोजायचे. "विचार घरून करून या, इथे लिहा," म्हणायचे. आम्ही तिघे प्रोग्रॅमर मग एका ओळीचं काम चार ओळींत करायला शिकलो. तेही खूश, आम्हीही खूश.

माणूस वाईट नव्हता. माझ्या आईला दवाखान्यात हलवलं तेव्हा दिवसभर माझ्यासोबत बाकावर बसले. फक्त तिथल्या नर्स नुसत्या उभ्या का, याची चौकशी केलीच.

मग नाशिक रोडहून गायकवाड बाई आल्या, चौथ्या प्रोग्रॅमर म्हणून, सहा महिन्यांच्या बोलीवर. बाई कागद समोर ठेवून तासन्‌तास गप्प बसायच्या.

"बाई, झोप झाली का?"

"सर, कुठे चुकतंय ते शोधतेय."

"लिहायला लागा, सापडेल."

त्याच सुमारास स्टोअरच्या प्रोग्रॅमने घोळ घातला. कागदावर बेअरिंग संपलेली, फळीवर पेट्याच्या पेट्या. आम्ही तिघांनी दुरुस्तीच्या शेकडो ओळी ठोकल्या, घोळ वाढला. मुकादम आठवडाभर मुंबईला गेले होते. बाई दोन दिवस गप्प बसल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दिलेला माल दोनदा वजा होतोय." अकरा ओळी बदलल्या. प्रोग्रॅम सुतासारखा सरळ.

मुकादम परतले, शाबासकी आम्हाला दिली. आम्ही ती घेतली. बाईंच्या अहवालात त्यांनी लिहिलं, 'काम करताना आढळल्या नाहीत. कायम करू नये.' बाईंनी डबा पिशवीत ठेवला, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि गेल्या.

दोन-तीन महिन्यांनी मुकादम, मुंबईला असताना मोजायच्या राहून गेलेल्या स्टोअरच्या प्रोग्रॅमच्या ओळी मोजायला बसले. प्रत्येक बदलाशेजारी करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहायचा नियम त्यांचाच. घोळ मिटला त्या तारखेच्या अकरा ओळींशेजारी बाईंचं नाव होतं. त्यांनी स्कूटर काढली आणि नाशिक रोड गाठलं.

दुपारी परतले ते थेट आमच्या टेबलापाशी.

"बाईंना पुण्यात नोकरी लागलीय. मी माफी मागितली. त्यांनी चहा दिला." चष्मा काढून ते पुसत राहिले. "मला यातलं काही कळत नाही, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. पण तुम्हाला तर कळत होतं ना?"