खळ्यातली एरियल

मुळशीत माझी एरियल उभी राहिली ती घरमालकीण मामींमुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून सगळी करामत माझीच होती असं कुणाला वाटायला नको.

मी नागपुराकडचा, विणकराच्या घरातला. सातवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत इतक्या लांब धरणावर हेल्पर म्हणून लागलो. धरणाच्या पाण्याची वीज मुंबईला जायची. मी भाड्यानं राहायचो त्या घरात कंदील. तरी हौशी बिनतारीचा, म्हणजे घरबसल्या दूरदेशीच्या अनोळखी माणसांशी बोलायचा, सरकारी परवाना मी काढला होता. जुन्या बाजारातल्या सुट्या भागांतून सेट जोडला, तो मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. धास्ती एकच होती. मी तारेच्या खुणांत कडकट्ट करत बसायचं आणि कुणी उत्तरच दिलं नाही तर?

झाडाला ताणलेली साधी तार एकाच मीटरवर, म्हणजे एकाच लांबीच्या लहरींवर चालते, म्हणून मी उभी एरियल केली. पंधरा फुटी अॅल्युमिनियमचा नळा आणि मध्ये दोन कॉइल. त्या कॉइलमुळे एकच नळा वीस, पंधरा आणि दहा अशा तिन्ही मीटरांवर चालतो. बुडाशी मात्र चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा जमिनीत पुराव्या लागतात. दोन घरमालकांनी वीज पडेल म्हणून मला आधीच वाटेला लावलं होतं. मामी म्हणाल्या, “उभी कर. पन धुनं वाळत घालायला दोरी बांधू देशील का तिला?” मी भीत भीत नाही म्हणालो. त्या नुसत्या हसल्या. त्यांच्या मालकांनी, मामांनी, मात्र अट घातली, “मळनीला नडली तर काढायची. न्हाईतर खोली दुसरीकडं बघायची.”

अंगणाच्या बरोबर मध्ये एक तयार खड्डा होता. मला तो देवानंच पाडून ठेवल्यासारखा वाटला. नळा जमिनीला टेकू नये म्हणून त्यात काचेची बाटली रोवली, तिच्या मानेवर नळा चढवला आणि तीन दोऱ्यांनी ताणून बांधला. अंगण म्हणजेच यांचं खळं, आणि तो खड्डा मळणीच्या मेढीचा, म्हणजे ज्या खांबाला बैल बांधून भातावर गोल फिरवतात त्याचा, हे विणकराच्या पोराला काय ठाऊक? महिनाभर मी हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

भात कापून आलं. मामींनी माझ्या तारा न उचकटता खळं सारवलं. मळणीच्या दिवशी उजाडताना शेजारी बैल घेऊन आला आणि त्यानं सरळ माझ्या नळ्याला दावं बांधलं. मी दाढी करत होतो. बाटली फुटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर नळा वाकून आडवा आणि बैल भात खातायत.

“खळ्याच्या मधी उभी म्हनल्यावर मेढच की,” शेजारी म्हणाला. “दोऱ्या बघून वाटलं, औंदाची मेढ लई पोचट हाय.”

मामा म्हणाले, “झालं. आता उचल ते.”

नळा उचलायचा की सामान, हे विचारायचं धाडस मला होईना. अर्धा चेहरा साबणातच होता.

“का उचलायचं?” मामी सूप घेऊन बाहेर आल्या. “त्यो खड्डा तुमी आधीच का न्हाई बुजवला? पोराला काय कळतंय, तुमाला तर कळत हुतं. आजच्यापुरता नळा बाजूला ठिवा. चांगली ऐनाच्या लाकडाची मेढ रोवा आन मळनी झाली की ती उपटू नका. तिलाच नळा बांधंल त्यो.”

“आन फुडच्या साली?”

“फुडच्या साली मेढ लागंल का न्हाई? आयती हायेच की. नळा सोडायचा, बैल बांधायचं. बैल सोडलं की नळा बांधायचा.”

मामांनी शेजाऱ्याकडे बघितलं. शेजारी म्हणाला, “वैनीचं बरोबर हाय.” मग मामाही हसले आणि मला म्हणाले, “जा, आधी तोंड धू.”

दिवसभर सगळे राबले. बैलांच्या भीतीनं मी तेवढा पडवीत बसून नळा सरळ करत होतो. दोन दिवसांनी मेढीला बाटल्यांचे तुकडे मध्ये घालून तो बांधला. आता तो वाऱ्यातही हलेना.

रविवारी दुपारी कानात माझंच संकेतनाव वाजलं. सिलोनचा माणूस होता. मी हातानं खूण करून मामींना बोलावलं. त्या हातातलं सूप तसंच घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “इचार, त्यांचं भात निघालं का?”

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी विचारलं. मग उत्तर आलं, अजून शेतात आहे, पाऊस थांबत नाही.

“आरं देवा,” मामी म्हणाल्या आणि पाखडायला परत गेल्या.

पुढं बदली झाली. मामींचं सगळं खळं मी वापरलं, आणि त्यांच्या मळणीत एक पेंढीही उचलली नाही, हे मनाला लागून राहिलं आहे. एका सुगीला सुट्टी काढून जाणार आहे. त्यांची मळणी पहिल्या पेंढीपासून शेवटच्या सुपापर्यंत मी करणार, बैलांच्या मागंसुद्धा मीच फिरणार. बैलांची भीती अजून आहे, पण जाणार.