काच शाबूत आहे

देशकरबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "काका, आई पहाटे गेली," त्यांची मुलगी म्हणाली, आणि पुढे, "शाळेत शोकसभा ठेवतायत, तुम्हाला बोलायला सांगतील..." सांगितलंच. जुन्या शहरातल्या त्या मुलींच्या शाळेच्या चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. मुख्याध्यापिकेने माझी ओळख करून दिली, "इन्हीं इंजीनियर साहब की रिपोर्ट से यह इमारत बची," आणि चक्क टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! मी उठलो, बाईंच्या शिस्तीबद्दल चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो. त्या टाळ्या बाईंच्या होत्या. त्या परत करायला हे लिहितो आहे.

शाळा इथे बेगमांचं राज्य होतं त्या अमदानीतली. दगड आणि चुन्याचं बांधकाम. खिडकीत मुलगी पाय पसरून बसेल एवढ्या जाड भिंती, चौकाच्या तीन बाजूंना कमानींचा व्हरांडा, आणि छतालगत उजेड-वाऱ्यासाठी रोशनदानं. एप्रिलच्या उन्हातून आत पाऊल टाकलं की मानेवरचा घाम वाळतो. बाई इथे गणित आणि चित्रकला शिकवत. माहेर नागपूरचं, यजमान कारखान्यात, घर शहराच्या दुसऱ्या टोकाला इंद्रपुरीत; दोन बस बदलून यायच्या. दरवर्षी सातवीच्या मुलींकडून त्या ही इमारत मोजून घेत. एका वर्षी एक भिंत, एका वर्षी एक कमान, टेप आणि ओळंबा घेऊन. कुठे टवका उडालाय, कुठे चीर आहे, सगळं वहीत. त्या वह्यांचा गठ्ठा कपाटात असे. पाढे पाठ असतात तशी शाळा पाठ असली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

पस्तीसएक वर्षांपूर्वी मी सरकारी बांधकाम खात्यात होतो, तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. सातवीच्या वर्गातल्या कमानीवर लांब भेग दिसली म्हणून मला तपासायला पाठवलं. भेग वाढते आहे की नाही हे पाहायची आमची साधी पद्धत होती. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं पक्की करायची. भिंत हलली की काच तडकते. मात्र आधी गिलावा खरवडून पट्टी मूळ दगडावर बसवायची, हे नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. त्या दिवशी मला घाई होती. कसली, तेही आता आठवत नाही... मी पट्टी गिलाव्यावरच चिकटवली. महिन्याभरात काच तडकली आणि मी टेबलाशी बसून लिहिलं, इमारत धोकादायक, पाडावी. शाळा शहराबाहेर हलवायचं ठरलं. आसपासच्या गल्ल्यांतल्या मुली चालत येत. त्यांना बसने तितक्या लांब कोणी पाठवलं नसतं. इमारतीबरोबर त्यांचं शिक्षणही संपणार होतं.

बाई तीन दिवस माझ्या ऑफिसात येऊन बसल्या. चौथ्या दिवशी मी वैतागून त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी पदर खोचला, बाकावर चढल्या आणि भेगेजवळ बोटांनी टकटक केलं.

"काय ऐकू येतंय, साहेब?"

"भिंतीतून काय ऐकू येणार?"

"रिकामा डबा वाजतोय. चुन्याच्या भिंतीवर मागे कोणीतरी सिमेंट थापलं, ते सुटलंय. भिंत जागची हललेली नाही."

"हे तुम्ही कशावरून सांगता?"

"अठरा वर्षं मोजतेय मी तिला. तुम्ही एकदा शिडी लावलीत."

शिडी धरून उभा असलेला शाळेचा चपराशी शब्बीरमियाँ हसला. "साहब, बहनजी से बहस मत कीजिए. हमारी तो उमर निकल गई." मग त्यानेच छिन्नीने गिलावा उडवला. आत दगड एकमेकांना घट्ट धरून बसलेले. एका सांध्यात धूळ बसलेली बारीक चीर होती. बाईंनी जुनी वही उघडली, मोजमाप तेवढंच. तसूभरही वाढलेली नव्हती. त्यांनी पर्समधून काच काढली, फोटोच्या दुकानातून कापून आणलेली, आणि त्या चिरेवर दगडालाच बसवून घेतली. दर शनिवारी सातवीतल्या एका मुलीने बाकावर चढून ती बघायची आणि वर्गाला सांगायचं, असा नियम त्यांनी घातला. तीन महिने झाले, काच तशीच.

आता पहिला अहवाल चुकला होता हे लिहिणं भाग होतं, आणि लिहिलं तर माझी चौकशी लागली असती. माझा चेहरा बघून बाईच म्हणाल्या, "माझं नाव घाला, नका घालू. कमान राहू द्या म्हणजे झालं." मी ते सोयीने ऐकलं. नव्या अहवालात लिहिलं की बारकाईने फेरतपासणी करताना मला इमारत भक्कम आढळली. त्यांची वही, त्यांची काच, शब्बीरमियाँची छिन्नी, सगळं माझ्या एका सहीखाली गेलं. माझा सत्कार झाला, दाराशेजारच्या भिंतीत माझ्या नावाची कोरलेली फरशी बसली. बाई तिच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "अक्षरं छान कोरलीयत हो साहेब. एकही तडकलेलं नाही." पुढे कधी तो विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही...

शोकसभेनंतर पाच आठवड्यांनी मुख्याध्यापिकेला सगळं सांगितलं. तिने दाराशेजारच्या फरशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सर, तालियाँ आपने लीं, तो पत्थर भी आप ही उतरवाइए." गेल्या शनिवारी मी समोर उभा राहून फरशी उतरवून घेतली. तिच्या जागी नवी बसली आहे. तिच्यावर देशकरबाईंचं नाव आहे, त्याखाली शब्बीरमियाँचं, आणि त्याखाली 'सातवीच्या सर्व मुली'.

निघताना सातवीच्या वर्गात डोकावलो. कमानीत ती काच होती, धुरकटलेली, शेजारी बाईंच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेली तारीख. एक मुलगी बाकावर चढली, टाचा उंचावून तिने काचेवरून बोट फिरवलं आणि ओरडली, "काँच साबुत है!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. इतक्या जोरात, की रोशनदानातली कबुतरं उडाली. या वेळी मीही वाजवल्या.