दिवाळीनंतरचं वाचन

तासगावच्या द्राक्षबागेत वाढलेली मी, माण तालुक्यातल्या मेंढपाळांच्या वस्तीवरच्या शाळेत नवी बाई झाले. अक्कल मण्याएवढी, ऐट मांडवाएवढी! आमच्याकडे छाटणीच्या दिवसांत पोरं दिवाळीपर्यंत शाळेत फिरकत नसत. म्हणून इथंही मी तोवर नुसती गाणी घेतली आणि वाचन पुढं ठेवलं.

एक मुलगी सारखी विचारायची, "बाई, वाचायला कवा शिकवनार?"

"दिवाळी झाली की."

"तवा आमी मेंढरं घिऊन घाटाखाली आसतो. आन् म्होरल्या साली माजं लगीन हाय."

"आधी गाणं म्हण," मी म्हणाले.

दिवाळीनंतर मी अक्षरांचे तक्ते रिकाम्या वर्गात टांगले.

पुढल्या पावसाळ्यात ती मंगळसूत्र घालून धाकट्या भावाला शाळेत घालायला आली. तिनं अंगठा उठवला. शाई मीच पुढं केली.