एक नंबरचं रिकामं काडतूस

हे मी परवापर्यंत कोणालाही सांगितलेलं नव्हतं. आता, मी न सांगितलेली गोष्ट शिल्लक असणं हेच आमच्या घरात नवल. आलेल्या पाहुण्याचा चहा निवतो, पण माझी गोष्ट संपत नाही. मग हीच का राहिली? सांगतो. पण आधी परवाचा माझा वेंधळेपणा ऐका, कारण सगळं त्यातूनच बाहेर आलं.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करायची असते. मी गुरुग्रामच्या आमच्या ठाण्यात रुबाबात गेलो, बाबांची जुनी दुनळी बंदूक टेबलावर ठेवली, फाइल पुढे सरकवली — आणि हवालदाराने शांतपणे वाचून सांगितलं की हे गीझरचं वॉरंटी कार्ड आहे. दोन्ही फायली निळ्या, काय करणार? फोन केल्यावर माझी बायको वंदना कॅब करून परवाना घेऊन आली, आणि राहायला नको म्हणून काडतुसांचा पट्टाही. हवालदार मोजू लागला. सगळी सहा नंबरची. शेवटच्या खणात मात्र एक रिकामं, एक नंबरचं.

"ये ख़ाली वाला क्यों रखा है, सर?"

यादगार आहे, म्हणालो. तेवढं खरंच होतं.

बाबा नागपूरचे. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये रमले. ही दुनळी त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळालेली. तेव्हा परवान्यावर तितर मारता यायचे; पुढे कायद्याने शिकार बंद झाली, ते बरंच झालं. बाबांचा नियम एकच — पक्षी पडला तर मेलेलाच पडला पाहिजे. म्हणून सहा नंबर: बारीक छर्रे, दाट जाळं, तेही तीस पावलांच्या आत. आणि भरणी हलकी, कारण इतक्या जुन्या नळ्यांना कडक दारू सोसत नाही. एक नंबरचे छर्रे मोठे पण मोजके. लांबवर गेले की इतके विरळ होतात की पक्षी मरत नाही, नुसता जखमी होतो. जे नीट मारता येत नाही त्यावर नेम धरू नये, असं ते म्हणत. कलहंसांसाठी कधीतरी घेतलेलं एक नंबरचं एकच काडतूस पट्ट्यात होतं. तेही त्यांनी कधी वापरलं नाही.

दर दसऱ्याला आम्ही बंदुकीची पूजा करतो, आपट्याची पानं ठेवतो, आणि मी बाबांची गोष्ट सांगतो. हातून एक तितर जखमी होऊन गेला म्हणून बाबांनी बंदूक कायमची खाली कशी ठेवली, ती गोष्ट. फार छान सांगतो मी ती. पूजेला येणाऱ्या माझ्या काकूंचे डोळे दरवर्षी त्याच वाक्याला भरून येतात — मी तिथे थोडा थांबतो ना, म्हणून.

पण तो तितर बाबांच्या हातून गेलाच नव्हता.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो मी. गुरुग्रामजवळच्या सोहना गावाच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी गेलो होतो. सकाळी बाबांनी एक बार काढला. तो हुकला, पक्षी कीकरांच्या, म्हणजे बाभळींच्या, झाडीत शिरला. मग बंदूक माझ्याकडे देऊन ते बुटातला काटा काढत बसले. आणि मी काय केलं? सहा नंबरचं काढून एक नंबरचं भरलं. मोठे छर्रे म्हणजे मोठी मर्दुमकी, दुसरं काय! तितर साठ पावलांवर होता. बार उडाला, खांद्याला असा दणका बसला की आठवडाभर शर्ट घालताना दात आवळत होतो. तितर हवेत एकदा लचकला. एक पाय लोंबत असलेला मला दिसला. झाडीच्या कडेला घासून तो पुढे डावीकडे, ओढ्याच्या बांधापलीकडे उतरला.

बाबांनी विचारलं, लागला का?

"नाही बाबा. साफ हुकला."

रिकामं काडतूस तोवर माझ्या खिशात गेलं होतं.

परतताना झाडीच्या कडेला बाबांना पिसं दिसली, रक्ताचे थेंब दिसले. ते तिथेच खाली बसले. "सकाळचा," म्हणाले, "माझाच. नजर गेली माझी." मग दिवस मावळेपर्यंत ते गुडघ्यांवर रांगत त्या काट्यांत शोधत राहिले. मीही शोधत होतो. हो, हातात काठी घेऊन, झुडपं बाजूला करत — पाहणाऱ्याला वाटावं, केवढा गुणी मुलगा! बांध शंभर पावलांवर होता. तितर कुठे उतरलाय हे मला ठाऊक होतं. पण सांगितलं असतं, तर कसं ठाऊक, हेही सांगावं लागलं असतं.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. बाबांनी पुन्हा बंदूक उचलली नाही. पुढे ते कागदावर सही करतानाही दोनदा विचारायचे, "बरोबर जागी करतोय ना रे?" आणि मी? मी त्याची गोष्ट केली. वर दाद घेतली.

ठाण्यातून निघालो तेव्हा वंदनाने गाडीत विचारलं, बाबा तर सहा नंबरशिवाय वापरत नव्हते ना, तुम्हीच दरवर्षी सांगता; मग हे एक नंबरचं कोणी उडवलं? पंचवीस दसरे ऐकलेल्या माणसापुढे काय लपणार? सरळ सांगून टाकलं, एकदाही न थांबता.

सोसायटीच्या गेटपाशी आल्यावर ती म्हणाली, "शंभर पावलं होती ना? मग या दसऱ्याला गोष्ट त्या बांधापासून सुरू करा."