चौऱ्याहत्तरचा जोडीदार

काटेवाले आणि त्यांचे होणारे धाकटे साडू यांची पहिली भेट झाली तेव्हा भिंतीवरच्या तीन पाली एकदम खाली पडल्या, खालच्या मजल्यावरच्या पेन्शनर गृहस्थांची कवळी चहात गेली आणि समोरच्या गच्चीवरची कबुतरे जी उडाली ती पुढच्या वर्षी परत आली. घडले होते एवढेच, की लग्न ठरल्यावर पहिल्यांदा घरी आलेल्या साडूंनी ‘नमस्कार दादा’ म्हणता म्हणता काटेवाल्यांच्या अॅम्प्लिफायरची सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवली. बूट अजून पायातच होते.

हा अॅम्प्लिफायर काटेवाल्यांनी घरी, स्वतःच्या हाताने बनवलेला होता. त्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दोन पारडी अगदी समोरासमोर आल्याशिवाय हा माणूस जेवायला उठत नसे. घरातल्या कपांचे कान एकाच दिशेला लागत. ते मोज्यांच्या जोड्या वजन करून लावतात ही बातमी खुद्द त्यांच्या बायकोने पसरवली होती आणि ती खोटी आहे असे काटेवाल्यांनी कधी म्हटले नाही. साडूंचे सोफ्यांचे दुकान होते. सोफ्याचा एक पाय आखूड निघाला तर ते खाली पुठ्ठा घालत आणि गिऱ्हाइकाला चहा पाजत. अशा दोन माणसांना सख्ख्या बहिणी मिळाव्यात, याला काय म्हणायचे?

तरी अठरा वर्षे बरी गेली. मग काटेवाल्यांची मुलगी परीक्षेत पहिली आली म्हणून घरी तीस माणसे जमली, आणि साडू दुकानातले आणखी दोन स्पीकर काखेत मारून आले. “दादा, जरा दणका हवा,” म्हणत त्यांनी उघड्या तारा मागे कुठेतरी खुपसल्या. दोन तारा एकमेकींना चिकटल्या. गाणे कण्हले आणि थांबले. जाळीतून धुराची बारीक रेघ निघाली, जळक्या रबराचा वास सुटला.

“जाऊ द्या दादा,” साडू मोठ्याने म्हणाले. “घरी केलेलं ते घरी केलेलंच. एक दुकानातलं आणून टाका.”

तीस माणसे हसली. त्यात काटेवाल्यांची बायको होती आणि पहिली आलेली मुलगीही होती.

काटेवाल्यांनी त्या क्षणी डूख धरला. बेत सोपा होता. अॅम्प्लिफायर पुन्हा वाजवायचा, साडूंना त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसवायचे, तेच गाणे लावायचे आणि शेवटी एकच वाक्य बोलायचे: “बाजारातलं ते बाजारातलंच.” हे वाक्य ते दाढी करताना आरशापुढे घोकू लागले. दोनदा हनुवटी कापली.

यंत्र उघडले तेव्हा दिसले की चार मोठ्या ट्रान्झिस्टरपैकी दोन गेले आहेत. पत्र्याच्या टोप्या घातलेली ही चौकडी आवाजाचे सगळे ओझे वाहते. दोघादोघांची जोडी, आणि जोडीतल्या दोघांची ताकद सारखी हवी. नाहीतर एक राबतो, दुसरा पडून राहतो आणि गाणे घोगरे होते. “साडूंची जोडी असते तशी,” काटेवाले बायकोला म्हणाले. “राबणारा कोण ते कळलं,” ती म्हणाली. “दळण आणायला कोण जातंय?”

तो माल बनणे कधीच बंद झाले होते. गावभर फिरून ते रेडिओवाल्या बाईंकडे पोचले. नवऱ्यामागे बाईंनी दुकान चालवले होते आणि सुट्या भागांची एकही पेटी कधी फेकली नव्हती. बाईंनी एक डबा पुढे सरकवला. “एकशे साठ आहेत. मोजा.”

काटेवाल्यांनी स्वतः बनवलेले मापन-खोके काढले. उरलेल्या जोडीच्या ताकदीचा आकडा चौऱ्याहत्तर होता. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा यायला तसेच दोन हवे होते. पहिलाच उचलला, चिमटे लावले: चौऱ्याहत्तर. पुन्हा पाहिले: एकोणऐंशी. मग ब्याऐंशी.

“काटेवाले, राग कुणावर काढताय?” बाई म्हणाल्या.

“कुणावर नाही.”

“मग हात का तापलेत? बोटात धरून ठेवला की गरम होतो आणि आकडा चढतो. टेबलावर ठेवा, गार होऊ द्या. तुम्हीही व्हा.”

वजनकाट्याजवळ कुणाला शिंकूसुद्धा न देणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागले. तेही साडूंच्या खात्यात गेले. गार झाल्यावर त्याचा आकडा निघाला अडुसष्ट. तीन दुपारी लाकडी चिमट्याने एकेक उचलत त्यांनी अख्खा डबा मोजला. एकसष्ट होते, त्र्याण्णव होते, नवे नाव छापलेले चक्क खोटे होते. चौऱ्याहत्तर एकही नव्हता.

“त्याच पाकिटातला दुसरा कुठे असेल तर बघा,” बाई म्हणाल्या. “एका वेळचे भाऊ सारखे निघतात.”

काटेवाल्यांनी घरी येऊन जुनी वही काढली. पाकिटात आठ होते. चार स्वतःच्या यंत्रात गेले. उरलेल्या चारांचा दुसरा अॅम्प्लिफायर त्यांनी धाकट्या मेहुणीला लग्नात भेट दिला होता. त्यातले दोन चौऱ्याहत्तरचे होते.

साडूंच्या दिवाणखान्यात तो अॅम्प्लिफायर कोपऱ्यात होता. अंगावर विणलेला रुमाल, डोक्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी.

“जरा साफ करून देतो,” काटेवाले म्हणाले.

“न्या ना दादा. फक्त लवकर आणा. कुंडीला तेवढीच उंची लागते.”

काटेवाले जिना उतरले तेव्हा त्यांना सुडाची नवी, जास्त गोड वाट दिसली होती. चौऱ्याहत्तरची जोडी काढून घ्यायची, आणि साडूंच्या यंत्रात काय घालायचे? बाईंकडून आणलेल्या वीस टाकाऊ ट्रान्झिस्टरांपैकी सर्वांत विजोड जोडी कोणती, हे शोधायला त्यांनी अख्खा रविवार घालवला. प्रत्येकाला गार केले, तीनदा मोजले, वहीत लिहिले. शेवटी एकसष्ट आणि त्र्याण्णव निवडले. सोल्डरचे टाके मात्र आरशासारखे लखलखीत दिले, कारण हात ऐकेना. लावून पाहिले तर गाणारी बाई पडसे झालेल्या रेड्यासारखी ऐकू आली. काटेवाल्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी तेज आले.

“अहो, काय चाललंय?” बायकोने विचारले.

“दुरुस्ती.”

“कुणाची?” ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

त्यांनी साडूंच्या यंत्राची मागची तार नीट गुंडाळली, पांढऱ्या दोऱ्याने बांधली आणि ते पोचते केले. पुढच्या रविवारी साडूंना आपल्या घरी बोलावले. तीच खोली, तीच खुर्ची, तेच गाणे. आवाज असा स्वच्छ निघाला की काटेवाल्यांच्याच अंगावर काटा आला. गाणे संपले. त्यांनी घसा साफ केला, वाक्य जिभेवर आणले.

“वा दादा,” साडू म्हणाले. “आणलंत ना शेवटी दुकानातलं? मी म्हणालोच होतो.”

वाक्य जिभेवरून परत गेले. मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचे खांदे हसण्याने गदगदत होते.

आता सगळी भिस्त त्या एकसष्ट-त्र्याण्णववर होती. एक दिवस साडू ते सुरू करतील, चार पाहुण्यांदेखत ते रेकेल, आणि मग फोन येईल. काटेवाले फोनकडे डोळे लावून बसले. लग्नात, बारशात, दवाखान्यात, जिथे साडू भेटतील तिथे त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, “आम्ही दिलेल्या यंत्राचा आवाज कसा आहे?”

“फर्स्ट क्लास,” साडू दर वेळी म्हणत.

चार वर्षांनी साडूंकडे बसले असताना काटेवाल्यांचे पेन कोपऱ्यात घरंगळले. ते काढायला ते कुंडीमागे वाकले. तार गुंडाळलेलीच होती. पांढरा दोरा धुळीने काळा पडला होता, आणि गाठ त्यांनी स्वतः मारलेली होती. त्या भिंतीला सॉकेट नव्हते.