भाड्याच्या सायकलीला घंटी नव्हती

माझ्या बायकोला मूल झालं नाही, ते सायकलीमुळे नव्हे.

एवढं एक वाक्य लिहायला माझी निम्मी हयात गेली. आता लिहिलं आहे, खोडणार नाही. शुक्रवार पेठेत ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावं, ज्यांना येत नाही त्यांना शेजाऱ्यांनी वाचून दाखवावं. आमच्याविषयी एकमेकांना इतकं सांगून झालंय, त्यात हेही सांगा.

मी सोलापुरात शाळामास्तर. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मे महिन्याची सुट्टी लागली आणि आई, थोरले भाऊ, वहिनी अशी घरची सगळी मंडळी टेंभुर्णीला मामांकडे लग्नाला गेली. लग्न उरकलं की आंबे खाऊनच परतायचं, असा बेत होता. पण दारात म्हैस होती आणि म्हशीसाठी कुणीतरी मागं राहायला हवं होतं. ‘धाकटी राहील,’ आई म्हणाली. माझ्या बायकोला घरात धाकटीच म्हणत. आणि धाकटी एकटी कशी राहणार, म्हणून मीही राहिलो. आयुष्यात मिळालेली खरी सुट्टी तेवढीच, आणि ती आम्हाला म्हशीनं दिली.

तोवर त्या घरात धाकटीचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. थोरल्या दिरासमोर बोलायचं नाही, सासूला उत्तर द्यायचं ते मान हलवून. ही बार्शीकडच्या खेड्यातली, ज्वारीच्या रानात माळ्यावर उभी राहून पाखरं राखत वाढलेली. तिचा आवाज तीन शेतं ओलांडून जायचा, असं तिचा बाप मला लग्नात हसत सांगत होता. आमच्या उंबऱ्याच्या आत आल्यावर तो कुठं गेला, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मंडळी गेल्यावर एका सकाळी धारेची चरवी खाली ठेवत ती म्हणाली, सायकल शिकायची आहे. मी हसलो. ती हसली नाही.

सायकली भाड्यानं देणारं एक दुकान स्टेशनच्या वाटेवर होतं. दुकानदार पिकल्या दाढीचे, दखनी बोलणारे. त्यांच्या सगळ्या सायकलींचे मडगार्ड हिरवे रंगवलेले, म्हणजे भाड्याची सायकल गावात कुठंही ओळखू यावी. आणि एकाही सायकलीला घंटी नसे. पोरं घंट्या काढून विकतात म्हणून त्यांनी स्वतःच काढून पेटीत ठेवल्या होत्या. रस्त्यात माणूस आडवा आला की चालवणाऱ्यानं तोंडानं ‘बाजू, बाजू’ ओरडायचं, ही सोलापूरची रीतच झाली होती.

मी दोन सायकली मागितल्या. दुसरी कुणाला, असं त्यांनी विचारलं. भाऊ येतोय, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ते चाकाशी उकिडवे बसून साखळीतून काहीतरी ओढून काढत होते. इरकली लुगड्याचा लाल धागा होता. त्यांनी वर न बघताच म्हटलं,

“मास्तर, तुमारे भाई कू बोलो, काष्टा जरा कसके मारना. चैन में जाता.”

पुढं त्यांनी कधी कुणाला काही सांगितलं नाही. साखळीवर त्यांनी पत्र्याचं झाकण मात्र बसवून दिलं.

पहाटे मिलचा भोंगा झाला की आम्ही निघायचो. ती डोक्यावर टोपली घेऊन, देवाला निघाल्यासारखी पायी पुढं. मी एका सायकलीवर बसून दुसरी हातानं धरून ओढत मागून. बार्शीच्या रस्त्याला जकातनाका मागं पडला की ती टोपली एका बाभळीला अडकवायची आणि लुगडं खोचायची. शिकलेल्या बायका तेव्हा गोल पातळं नेसू लागल्या होत्या. त्या पातळात पुरुषी सायकलीच्या दांडीवरून पाय टाकून दाखवा म्हणावं. जुनं नऊवारी नेसणारी माझी बायको घोड्यावर बसावं तशी बसली.

पडली. मीही शिकताना पडलो होतो. माझं कुणी काही सरकलं म्हणालं नाही.

आठवडाभरात ती माझ्या पुढं गेली आणि मग सबंध सुट्टीभर पुढंच राहिली. शहराच्या उत्तरेला तेव्हा नुसता माळ होता. मुरमाड, बोडका, मधूनच काळ्या रानाची पट्टी. पहिल्यांदा आम्ही शहाणपणानं शेताच्या बांधाकडेनं निघालो आणि फसलो. उन्हाळ्यात काळी जमीन अशी भेगाळते की चाक भेगेत उभं रुततं, आणि माणूस पुढं जाऊन पडतो. बैलगाडीच्या चाकोरीतही तेच, एकदा आत शिरलं की बाहेर निघता येत नाही. रस्ता दाखवला तो मेंढ्यांनी. कळप वर्षानुवर्षं एकाच रेषेत चालतो, त्यामुळं माळावर बोटभर रुंदीच्या, गुळगुळीत, पांढऱ्या पायवाटा पडलेल्या असतात. त्या धरून आम्ही रोज थोडं पुढं जायचो. एक वाट कोरड्या ओढ्याकडं उतरायची, एक चुनखडीच्या टेकाडाला वळसा घालायची, एक उगीचच मधेच संपायची. कुठल्या वाटेनं जायचं ते ती ठरवायची, आणि हमखास न पाहिलेलीच निवडायची.

एका धनगरानं आम्हाला तसं येताना पाहिलं. काठीवर हनुवटी टेकून तो बराच वेळ बघत राहिला. मग कुत्र्याला म्हणाला, “ह्ये मेंढरू लई नवीनच हाय की.” धाकटी इतकी हसली की सायकल हातातून सुटली. त्याच धनगरानं पुढं बाभळीचा काटा टायरमधून कसा उपसायचा ते शिकवलं: सरळ ओढायचा नाही, आत गेला त्या तिरक्या दिशेनंच मागं घ्यायचा.

काळविटांचा कळप दिसला की ती वेग घ्यायची. कळप हाती लागणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. तरी दोन्ही पाय मारत, पदर कमरेला, ती मोकळ्या माळावर ओरडत जायची, “बाजू! बाजू!” काळविटांना कसली बाजू? पण तो आवाज तेव्हा मी पहिल्यांदा ऐकला. तिचा बाप खरं सांगत होता.

परत आल्यावर स्वयंपाकघरात दार लावून आम्ही तिच्या लुगड्यात घुसलेली कुसळं काढायचो. माळाचं गवत वाळलं की त्याची कुसळं कापडात शिरतात, धुऊन जात नाहीत, एकेक वेचावी लागतात. मी काठाकडून, ती पदराकडून. त्याहून जास्त सुख मला माहीत नाही. आता लाज सोडलीच आहे, तर तेही लिहितो.

त्या आवाजानंच घात केला. परतीच्या वाटेवर एक बैलगाडी पुढं चालली होती. तिनं मागून खणखणीत ‘बाजू’ दिली. बाईचा आवाज ऐकून गाडीवानानं दचकून बैल नेमके तिच्याच अंगावर वळवले. ती बाभळीच्या झुडपात गेली, पडली आणि पडल्या पडल्या हसायला लागली. गाडीत आमच्या नात्यातले एक काका बसले होते. ते उतरले नाहीत, बोलले नाहीत. हिरवं मडगार्ड पाहिलं, मला पाहिलं, तिला पाहिलं आणि गाडी हाकायला सांगितली.

मंडळी परतली ती सगळं ऐकूनच. ओट्यावर चप्पल काढायच्या आत आईनं विचारलं. धाकटी माजघराच्या दाराआड उभी होती. ती काही बोलणार नाही हे मला माहीत होतं, आणि तेवढ्याच भरवशावर मी म्हणालो, “तिनंच हट्ट धरला.” खोटं नव्हतं. पण ज्या सुरात म्हटलं, तो सूर खोटा होता.

ही माझी पहिली चूक. तेवढीच असती तर मी कधीच निस्तरली असती. दुसरी मोठी आहे.

वर्षं गेली, मूल होईना. नवस झाले, उपास झाले, काढे झाले. शेवटी मी तिला पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोघांना तपासलं, मग मला एकट्याला आत बोलावलं. बाईंची प्रकृती उत्तम आहे, दोष तुमच्यात आहे आणि त्यावर औषध नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. आगगाडीत तिनं विचारलं, काय म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत सांगितलं, की काही निश्चित सांगता येत नाही म्हणाले.

घरी आईला निश्चित माहीत होतं. सायकलीवरून पडली तेव्हा तिचं पोट सरकलं. वहिनींना ते पटलं, काकांना पटलं, नळावरच्या बायकांना पटलं. मी नाही म्हणालो नाही.

मग बार्शीहून दुसरी मुलगी सांगून आली. माणसं पहिली घरात असताना दुसरी करत, त्यात तेव्हा कुणाला वावगं वाटत नसे. मी नकार दिला. दुसऱ्या पोरीचंही वाटोळं कशाला करायचं, हे खरं कारण. पण बोललो असं, की हिच्याशी लग्न केलंय, हिच्याशीच निभावीन. बस्स, मी देवमाणूस झालो. पेठेतल्या बायका आपल्या नवऱ्यांना माझा दाखला देऊ लागल्या. धाकटीला म्हणू लागल्या, तुझं नशीब थोर गं, दुसऱ्यानं कधीच घराबाहेर काढली असती. ती मान खाली घालून ऐकायची. आणि मी ते सगळं अंगावर घेतलं, शालीसारखं.

परवाच्या मे महिन्यापर्यंत हे असंच चाललं.

भावाची मुलगी इंग्रजी शाळेत जाते. सुट्टीत सायकल शिकायची म्हणाली. भाऊ तयार होते, वहिनी नव्हत्या. म्हणाल्या, घरात एक उदाहरण आहे तेवढं पुरे. त्यावर मी बोललो नसतो, खरं सांगतो. तसलं ऐकायची सवय झाली होती. पण धाकटी भाकरी थापता थापता थांबली. पिठाचे हात तसेच ठेवून पोरीला म्हणाली,

“नको गं बाळ. ऐक माझं. मी केलं त्ये मी भोगतीया.”

इतकी वर्षं मी समजत होतो, की ती लोकांना घाबरून गप्प आहे. सायकल दिसली की तोंड फिरवते ते सासूच्या धाकानं. तिनं ते खरं मानलं असेल, आपल्याच हातानं आपली कूस घालवली असं मनात घेऊन ती माझ्या शेजारी जगत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. किंवा आलं होतं आणि मी बाजूला सारलं होतं. आता नीट लिहायचं तर हे नंतरचंच खरं.

मी उठून चुलीपाशी गेलो. सगळ्यांच्या देखत सांगितलं: सायकलीनं काही झालेलं नाही. दोष माझा आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, मी लपवलं.

आणि काय व्हावं? आईनं पदर डोळ्यांना लावला. “बघा,” ती वहिनींना म्हणाली, “बायकोला बोल लागू नये म्हणून अजून स्वतःवर घेतोय. असा मुलगा मिळायला पुण्याई लागते.” भावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जितकं सांगत गेलो तितका मी थोर होत गेलो. शाल निघेना.

म्हणून हे लिहितोय. देवमाणूस कोणी नाही. भित्रा मास्तर आहे. पुन्हा कुणी माझी स्तुती केली तर ती धाकटीला शिवी समजली जाईल, आणि मी तशीच ती परत करीन.

माझ्यावर विश्वास ठेवला तो एकट्या धाकटीनं. हात धुऊन माझ्यासमोर आली आणि थोरल्या दिरासमोर, सासूसमोर पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

“पुण्याला कळलं तुमाला?”

“हो.”

“मग मी सायकल का सोडली वो?”

मूल का नाही, असं तिनं विचारलं नाही. मी काहीतरी पुटपुटलो, की मी तुला कधी सोड म्हटलं नव्हतं. “व्हय,” ती म्हणाली. “म्हटलं न्हाय. तुमी कायच म्हटलं न्हाय.”

दुसऱ्या सकाळी भोंग्याबरोबर ती पोरीला घेऊन निघाली. डोक्यावर टोपली नव्हती. दुकान आता म्हाताऱ्यांचा मुलगा चालवतो, मडगार्ड अजून हिरवेच. मला बोलावलं नाही, मी गेलोही नाही. दारात उभा होतो. थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी ती दिसली, केस पिकू लागलेली, काष्टा कसलेला, आधी डुगडुगत, मग नळावरच्या बायकांमधून सरळ. नव्या सायकलींना घंट्या असतात. तिच्या अंगठ्याखालीच होती. तिनं वाजवली नाही.

“बाजू!”

घागरी सरकल्या. सबंध शुक्रवार पेठेनं त्या दिवशी तिचा आवाज ऐकला. आई आतून विचारत होती, कोण ओरडतंय, कोण ओरडतंय. मी सांगितलं, “धाकटी.”

आता रोज जातात दोघी, जकातनाक्यापलीकडे, मेंढ्यांच्या वाटांनी. परत आली की ती आत जात नाही, दार लावत नाही. ओट्यावर सगळ्यांच्या देखत बसून लुगड्यातली कुसळं वेचते. लोक बघतात. बघू देत. मी आतल्या खोलीत असतो. काठाकडची बाजू अजून तिनं माझ्याकडं सरकवलेली नाही, आणि मला ती मागायचा हक्क नाही.